आईनं सोडलेली चिलीम

माझी आई चिलीम ओढत असे. आज हे वाचून कुणाला नवल वाटेल, पण सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या मुलखात, आम्हा धनगरांच्या घरांतून, लेकराबाळांची झालेली बाई संध्याकाळी चुलीपाशी बसून चार झुरके घेते यात कुणाला वावगं दिसत नसे. लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सासूनंच तिला चिलीम भरायला शिकवलं होतं. तंबाखू किती चुरायची, बुडाला खडा कसा बसवायचा, ओली चिंधी कशी गुंडाळायची, हे सगळं ती भाकरी थापण्याइतक्या सहज करी. गोवरीचा निखारा मात्र ती चिमट्यानं कधी उचलत नसे. बोटांच्या टोकांनी उचलायची, चिलमीच्या तोंडावर ठेवायची आणि दोन्ही मुठींत चिलीम धरून असा एक लांब झुरका घ्यायची की निखारा लालभडक व्हायचा. मग ती चिलीम आबांकडे जायची.

आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी कराडकडच्या एका बागायतदाराच्या रानात मेंढरं बसवलेली असताना ते उसाच्या चरकावर हात लावायला गेले आणि उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं गमावून बसले. पेटलेली चिलीम त्यांना डाव्या हातानं धरता येई. पेटवायला मात्र दोन हात लागतात, आणि ते दोन हात आईचे होते. आमच्यात मुलगा बापासमोर तंबाखू ओढत नाही. त्यामुळे माझा थोरला भाऊ शेजारी बसलेला असला तरी त्याला चिलीम पेटवून देता येत नसे. म्हणून सकाळी धारा काढून झाल्या की एकदा आणि संध्याकाळी मेंढरं वाघरीत, म्हणजे जाळ्याच्या कुंपणात, कोंडली की एकदा, आई आणि आबा समोरासमोर बसत.

दिवसभरात त्यांचं एकमेकांशी बोलणं म्हणजे एवढंच. आमच्या घरात नवरा-बायको चारचौघांत बोलत नसत. काम असलं तर मेंढरांना उद्देशून किंवा आम्हा मुलांना मध्ये घालून बोलायचं. पण चिलीम दोघांच्या मध्ये आली की त्यांची तोंडं मोकळी होत. कुठल्या वाटेनं नदीकाठाला उतरायचं, कुठला एडका विकायचा, बहिणीला कुठं द्यायची, हे सगळं त्या धुरात ठरलं. चिलीम या हातातून त्या हातात जायची आणि तिच्याबरोबर एकेक वाक्य जायचं. मला शाळेत घालायचंही तिथंच ठरलं. वाडीतल्या शाळेतून मी औंधला गेलो, औंधहून सांगलीच्या कॉलेजात गेलो, ते प्रत्येक वेळी असंच. माझ्या घराण्यात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. पुढं बी. ए. झालो, तो आमच्या सगळ्या वाडीत पहिला. शिष्यवृत्ती देणाऱ्यांचे आणि गुरुजनांचे उपकार मी विसरलेलो नाही, पण ज्या जागी माझं शिक्षण ठरलं ती जागा तीन दगडांची चूल आणि तिच्या कडेची राख एवढीच होती.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. मी ज्युनियर बी. ए. ला होतो. थंडी सरत आली असताना मला विषमज्वर झाला. वसतिगृहातून मला दवाखान्यात नेलं आणि घरी निरोप गेला. त्या वेळी आमचा तळ कराडच्या खाली, कृष्णाकाठच्या रानात होता. ऊस तुटलेल्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायला शेतकरी बोलावून नेत, आणि दिवाळीनंतरचे महिने आमचं बिऱ्हाड असं वावरावावरांतून हिंडत असे. आबा निरोप मिळताच सांगलीला आले. आईला मेंढरं सोडून येता आलं नाही. नुकती व्यालेली मेंढरं होती, कोकरं होती.

मला त्या दिवसांतलं फारसं आठवत नाही. आबा कॉटच्या पायथ्याशी बसलेले असत, एवढं आठवतं. पुढं त्यांच्याकडूनच कळलं की मध्ये एक दिवस मी त्यांना ओळखलं नाही. परक्या माणसाला विचारावं तसं मी त्यांना विचारलं की तुम्ही कोण, कुणाकडे आलात. आबा उठले, दवाखान्याच्या फाटकाबाहेर गेले, एका टांगेवाल्याकडून चिलीम पेटवून घेतली आणि तिथंच रस्त्याकडेला बसून राहिले. हे त्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, तेही दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं.

ताप उतरला. अंगात बळ नव्हतं, पण हवापालट म्हणून आबांनी मला सांगलीहून तळावर आणलं. त्याच संध्याकाळी आईनं नेहमीप्रमाणे चिलीम भरली, निखारा बोटांनी उचलून तिच्यावर ठेवला आणि झुरका न घेताच ती आबांपुढे धरली.

"वड की," आबा म्हणाले.

"मी न्हाई वडायची."

"का? दाढ दुखती?"

"यमाईला दिली."

मी वाकळ अंगावर घेऊन बाजूला पडलो होतो, आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "देवीला चिलीम दिलीस, आता मी काय वडू?"

"तुमची न्हाई दिली. माझी दिली," आई म्हणाली. "धरा, निखारा इझतोय."

औंधच्या डोंगरावरची यमाई आमची कुलदेवी. निरोप आला त्या दिवशी आईनं त्या दिशेला तोंड करून नवस बोलला होता. नवसाला लोक बोकड बोलतात, लुगडं-चोळी बोलतात. तसलं काही बोलावंसं तिला वाटलं नाही. आपल्याला जे सगळ्यात आवडतं तेच द्यायचं, असं तिनं मनाशी धरलं. बरा होईपर्यंत असंही नाही. कायमचं. दिलेल्या वस्तूला पुन्हा तोंड लावलं तर ज्याच्यासाठी दिली त्याच्यावर ते येतं, असा आमच्यात समज आहे. म्हणजे तिच्या हिशेबी माझा जीव आता त्या चिलमीला बांधलेला होता.

पण ओढल्याशिवाय चिलीम पेटत नाही. त्या संध्याकाळी निखारा विझला. आबांनी डाव्या हातात चिलीम धरून ओढायचा प्रयत्न केला, तर निखारा घरंगळून त्यांच्या धोतरावर पडला. आईनं तो झटकला. दुसरा ठेवला. मग ती गुडघ्यांवर पुढे झाली, निखाऱ्याच्या अगदी जवळ तोंड नेलं आणि वरून फुंकर घातली. आबांच्या मिशीवर राख उडाली. ते खोकले, आई हसली. पुन्हा केलं. हळूहळू त्यांना जमलं. तिनं वरून फुंकायचं, त्यांनी त्याच दमाला खालून ओढायचं. तिचा श्वास संपला की त्यांनी थांबायचं. असं तीन-चारदा झालं की तंबाखूनं पेट घेतला, आणि पहिला दाट धूर वर येऊन सगळा आईच्या तोंडावर आला.

मी ते पाहत होतो. ती मागे सरकली नाही. डोळे मिटले, ओठ घट्ट मिटले आणि धूर निघून जाईपर्यंत तशीच बसली. ज्या बाईचा जन्म तो धूर आत ओढण्यात गेला, तिनं तोंडाशी आलेला धूर आत न घेता उलट बाहेर फुंकर घालायची, आणि रोज दोन वेळा घालायची. मी तेव्हा तत्त्वज्ञान शिकत होतो. संयम, निग्रह असे शब्द मी वर्गात पुष्कळ वेळा लिहून घेतले होते. ते डोळ्यांनी पाहायला मिळतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

तिला सोपं गेलं असं कुणी समजू नये. सकाळी तिचं डोकं इतकं दुखे की ती कपाळाला फडकं आवळून बांधी. पोट साफ होत नसे. कोकरांवर, कुत्र्यावर, माझ्या वहिनीवर ती उगाच डाफरे. भाजलेले चिंचोके ती ओटीत बाळगू लागली. गालात एक ठेवायचा आणि दिवसभर चघळत राहायचं. एकदा आबा चिलीम खाली ठेवून मेंढरांमागे गेले. ती अजून धुमसत होती. आईनं ती उचलली, थोडा वेळ नुसती हातात धरली. मी झोपल्याचं सोंग घेतलं होतं, का ते मला सांगता येणार नाही. तिनं चिलीम उलटी करून राख झाडली, खडा काढला, फडक्यानं आतून पुसली आणि सगळं पिशवीत ठेवून दिलं. मग वाकून मेंढीच्या आचळांना हात घातला.

तळावरच्या बायका तिची थट्टा करत. एकजण म्हणाली, "आता काय बाई, साहेबाची आई झालीस. चिलमीनं व्हट काळं व्हत्याल." आई म्हणाली, "व्हट तर मागंच काळं झाल्यात. आता साहेबानंच साबण आणावा." सगळ्या हसल्या. नवसाचं तिनं त्यांच्यापैकी कुणाला सांगितलं नव्हतं.

अंगात ताकद आली तसा माझ्या मनात एकच विचार घोळू लागला. जूनमध्ये कॉलेज उघडणार होतं. मी कॉलेजातल्या माझ्या मास्तरांना पत्र लिहून विचारलं होतं, आणि परत आलास तर शिष्यवृत्ती चालू राहील असं त्यांनी कळवलं होतं. नाही गेलो तर ती दुसऱ्याला जाणार होती. हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "शिकलास तेवढं लय झालं." थोरल्या भावानं विषय काढला, तर त्याला त्यांनी गप्प केलं. आई बोलली नाही. ती बोलेल ते संध्याकाळी चिलमीपाशी बोलेल, हे मला माहीत होतं. म्हणून मी वाट पाहत होतो.

आणि नेमकी त्याच वेळी मला एक शहाणपणाची गोष्ट सुचली. आईचे हाल मला बघवत नव्हते. आरोग्याच्या पुस्तकात तंबाखूविषयी जे वाचलं होतं ते मी एका दुपारी आबांना ऐकवलं. छाती कशी खराब होते, रक्त कसं दूषित होतं, सगळं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी मी म्हणालो, आयेनं सोडली, तुम्हीही सोडा, म्हणजे तिला सोपं जाईल.

"सोप्पं कुणी देवाला देतं व्हय रं?" आबा म्हणाले. मग थोडं थांबून खाली बघत म्हणाले, "आन खरं सांगू? मला सुटायची न्हाई."

त्यांच्या त्या खरं बोलण्यापुढे माझं पुस्तक गप्प झालं. पण मी हट्ट सोडला नाही. कराडच्या बाजाराला गेलो तेव्हा मी आबांसाठी विड्यांचे पुडे आणि काडेपेट्या आणल्या. लढाईमुळे काडेपेट्या सहज मिळत नसत, दोन-तीन दुकानं हिंडावी लागली. काडेपेटी पायाखाली दाबून डाव्या हातानं काडी ओढायची, विडी पेटवायची, हे आबांना लगेच जमलं. आता निखारा नको, फुंकर नको, कुणी समोर बसायला नको. आबा तळापासून लांब, बांधावर जाऊन एकटेच विडी ओढू लागले. आईच्या तोंडावर धूर येईनासा झाला. मला आपण मोठं काम केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मेंढरं कोंडून झाल्यावर आई नेहमीच्या जागी चिलमीची पिशवी मांडीवर घेऊन बसली. आबा बांधावरून आले, जेवले आणि झोपले. ती पिशवी तशीच ठेवून ती उठली. पुढं रोज असंच होऊ लागलं. घरात कुठलीच गोष्ट ठरेना. उन्हाळा संपत आला होता, पूर्वेला परतायची वेळ झाली होती, तरी कुठल्या वाटेनं जायचं ते भाऊ मलाच विचारू लागला. भांडण नव्हतं. नुसतं दोघांच्या मधलं काहीतरी उचलून नेल्यासारखं झालं होतं, आणि उचलून नेणारा मी होतो. माझ्या सांगलीला जाण्याविषयी तर कुणी चकार शब्द काढेना. तो शब्द जिथं काढायचा ती जागाच मी मोडली होती.

शेवटी नेहमीच्याच वाटेनं आम्ही निघालो. मजल दरमजल करत मेंढरं औंधच्या शिवारात आली. मुक्काम पडला तिथून यमाईचा डोंगर समोर दिसत होता. दिवस मावळायला आला होता. आबा थोड्या अंतरावर एका दगडावर बसून विडी ओढत होते. आईनं चूल पेटवली, चिलीम भरली, निखारा तळहातावरच्या राखेत घेतला आणि सरळ चालत आबांकडे गेली. भाऊ-वहिनी, मी, सगळे बघत होतो. ती त्यांच्यापुढे बसली.

"धरा," ती म्हणाली.

"वडतोय की," आबा विडी दाखवून म्हणाले.

"ती पोरानं दिलेली. ही मी देतीया."

आबांनी विडी दगडावर विझवली. चिलीम घेतली. आई पुढे वाकली. तिनं फुंकलं, त्यांनी ओढलं, आणि बरेच दिवस मोडलेली ती सवय पहिल्याच दमाला जुळली. धूर आला. तिनं तोंड वळवलं नाही.

"त्याला जाऊ द्या सांगलीला," ती म्हणाली.

आबांनी एक झुरका घेतला. "तू बघितलं न्हाईस त्याला तिथं. मला वळखत नव्हता त्यो. कोण तुमी, म्हणला मला."

"व्हय."

"पुन्यांदा तसं झालं तर?"

"मी दिलंय की त्याच्यासाठी."

"दिलेलं मोडत न्हाई व्हय माणूस?" आबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "जीव लय वाईट असतो. माझा मला ठावं हाय. उद्या त्यो तिकडं असंल आन तुझं मन हिकडं ढळलं, मग?"

निखाऱ्यावर राख धरली होती, आईनं पुन्हा फुंकर घातली. धुराचा लोट तिच्या तोंडावरून, केसांवरून वर गेला.

"म्हणून तर म्हणते हितं बसा," ती म्हणाली. "रोज दोन येळंला तुमच्या म्होरं बसती. धूर तोंडावर घेती. मोडायचं असतं तर कवाच मोडलं असतं. तुमीच बघा की रोज. जवर मी अशी बसतीया, तवर त्याला काय व्हत न्हाई."

आबा तिच्याकडे बघत राहिले. इतक्या उघडपणे बायकोच्या तोंडाकडे बघताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मी तर्कशास्त्र शिकलेला मुलगा. नवसानं ताप उतरतो का, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि आजही त्याचं उत्तर मी छातीवर हात ठेवून देऊ शकत नाही. पण मला एक गोष्ट लख्ख कळली. आबांना माझ्या पुस्तकातलं प्रमाण नको होतं. त्यांना हवी असलेली खात्री आई त्यांना रोज देत होती, त्यांच्याच चिलमीच्या धुरात बसून. तिला धुरापासून लांब ठेवून मी त्यांची खात्रीच काढून घेतली होती. नवरा ओढतो आणि आपण सोडलं आहे, ही अडचण आहे असं मी समजत होतो. आई त्या अडचणीवरच उभी होती.

आबांनी चिलीम शेवटपर्यंत ओढली. संपल्यावर ती तिच्या हातात दिली आणि माझ्याकडे वळून मोठ्यानं विचारलं, "ए, रहिमतपुरास्नं गाडी कवा असती रं?"

मी सांगितलं. आई चुलीतला जाळ पुढे सारायला उठून गेली होती.

त्या वर्षी मी सांगलीला परत गेलो, आणि पुढच्या वर्षी बी. ए. झालो. आबा शेवटपर्यंत चिलीम ओढत राहिले. सोडण्याचा आव त्यांनी एकदाही आणला नाही. आई शेवटपर्यंत ती पेटवून देत राहिली, आणि तिनं पुन्हा कधी झुरका घेतला नाही. पुढं शहरात मी मोठमोठी माणसं जवळून पाहिली. कुणी मांसाहार सोडला होता, कुणी परदेशी कापड सोडलं होतं, कुणी नोकऱ्या सोडल्या होत्या. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण त्यांनी जे सोडलं होतं त्यापासून ते लांब राहत. आईनं जे सोडलं ते सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हातानं पेटवलं, आणि ज्याला सुटत नव्हतं त्या माणसाला त्याबद्दल एकदाही टोचून बोलली नाही. हे मला अजून पुरतं उमगलेलं नाही.

रहिमतपूरच्या गाडीसाठी आम्ही पहाटे निघालो. आबांनी माझी वळकटी खांद्यावर घेतली आणि ते पुढे झाले. मी आईच्या पाया पडलो. तिनं मला उठवून जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला. तिच्या लुगड्याला, केसांना, बोटांना तंबाखूचा दाट वास येत होता. त्या वासावरून कुणीही शपथेवर सांगितलं असतं की ही बाई चिलीम ओढते. मी तो वास छातीत भरून घेतला आणि आबांच्या मागोमाग वाटेला लागलो.